हरवलेला गुरुपुत्र

गेल्या उन्हाळ्यांत एका स्नेह्यांच्या वाड्याची आवराआवर चालली होती, त्या निमित्तानें मी लातुरास गेलों होतों. वाडा गंजगोलाईच्या पाठीमागें, माळवदाचा. घराण्यांत तीन पिढ्या आडतीचा धंदा चाललेला. जुनी वास्तु उतरवून तेथें नवी इमारत उठावयाची होती, म्हणून माळ्यावरचें सामान ढाळजेंत येऊन पडत होतें. तांब्याचे हंडे, पितळी समया, निजामी अमदानींतले उर्दू शिक्क्यांचे कागद, एक मोडका पाळणा, आणि सर्वांच्या शेवटीं एक लोखंडी पेटी. पेटींत ग्रामोफोनच्या जुन्या तबकड्या होत्या. निम्म्याअधिक फुटलेल्या. राहिलेल्यांत नाटकांतलीं पदें, भजनें, एकदोन विनोदी संवाद, असा त्या काळच्या कोणत्याहि सुखवस्तु घरांत आढळणारा ऐवज होता. एका तबकडीवरचा कागद मात्र अर्धा सोलला होता, आणि उरलेल्या भागावर रहमतखां एवढें नांव वाचतां येत होतें.

मीं यजमानांस विचारलें, "ही कोणाची आवड?"

"आजोबांची असेल," ते म्हणाले. "आम्हांस त्यांतलें कांहीं कळत नाहीं. आपणांस हवी तर घेऊन जा."

टॉवेलांत गुंडाळून मीं ती नांदेडास आणली. आमच्या बहिणीच्या घरीं चावी देऊन चालणारा एक ग्रामोफोन अद्याप चालू स्थितींत आहे. नवी सुई बसविली, चावी दिली, आणि आम्ही तिघेचौघे कर्ण्याभोंवतीं बसलों. प्रथम नुसती खरखर. तापल्या तव्यावर मीठ टाकावें तशी. मग त्या खरखरीच्या पलीकडून, गोदावरीच्या दुसऱ्या कांठावरून हांक यावी तसा एक आवाज आला. उंच, बारीक, विलक्षण गोड. म्हाताऱ्याचा आहे कीं कोंवळ्या मुलाचा, हें प्रथम ठरवितां येईना. तीन मिनिटांच्या आगेंमागें सर्व आटोपलें. भाचा कॉलेजांत शिकतो. त्याला परदेशी संगीताचा नाद. आपल्याकडच्या शास्त्रोक्त गाण्याला तो सहसा बसत नाहीं. पण तोच पहिल्यानें बोलला.

"मामा, हे गृहस्थ कोण?"

त्याचें उत्तर मीं त्याला त्या रात्रीं दिलें, तेंच थोडें नीट जुळवून आज आपल्यापुढें ठेवीत आहें.

रहमतखां हे ग्वाल्हेरच्या हद्दूखांचे चिरंजीव. हद्दूखां आणि त्यांचे बंधु हस्सूखां हे ख्यालगायनाच्या ग्वाल्हेर घराण्याचे आधारस्तंभ. आजोबा नत्थन पीरबक्ष यांनीं ही विद्या लखनौकडून ग्वाल्हेरास आणली, आणि शिंदेसरकारच्या आश्रयानें ती तेथें रुजली. या दोघां भावांची एक आख्यायिका गवई मंडळींत मोठ्या आवडीनें सांगतात. त्या काळीं बडे महंमदखां नांवाचे एक गायक आपल्या तानबाजीबद्दल प्रसिद्ध होते. ते आपली विद्या कोणास देत नसत. महाराजांच्या सूचनेवरून या मुलांना पडद्याआड बसविण्यांत आलें, त्यांनीं महिनेच्या महिने तें गाणें चोरून ऐकलें, आणि एके दिवशीं भर दरबारांत तेंच गाऊन दाखविलें. यांत तिखटमीठ किती हें आपण कोणी ठरवूं शकणार नाहीं. मला ही गोष्ट आवडते ती एवढ्यासाठीं कीं एका थोर घराण्याची कथा गाण्यापासून सुरू होत नाहीं, ऐकण्यापासून होते. पुढें काशीच्या रस्त्यावर जें घडलें त्यांतहि मुख्य भाग ऐकणाराचाच आहे.

ग्वाल्हेर हें मराठ्यांचें राज्य, त्यामुळें महाराष्ट्रांतल्या विद्यार्थ्यांस तेथें दोन घास मिळण्याची आशा असे. गाण्यासाठीं घर सोडून, बहुधा पायींच, तिकडे गेलेल्या ब्राह्मण मुलांची एक परंपराच आहे. हस्सूखांचे शिष्य वासुदेवबुवा जोशी. त्यांच्यापाशीं शिकले बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर (१८४९–१९२६). आणि बाळकृष्णबुवांचे शिष्य विष्णु दिगंबर पलुस्कर (१८७२–१९३१), ज्यांनीं हें गाणें दरबारांतून काढून शाळेच्या वर्गांत आणि सभामंडपांत नेलें. आज मराठी घरांत मुलगी पेटीपुढें बसून पहिला अलंकार म्हणते, तो या वाटेनें आलेला आहे. तेव्हां ग्वाल्हेरच्या त्या मुसलमान उस्तादांचें देणें आपण किती लागतों हें निराळें सांगावयास नको.

या विद्यार्थ्यांत एक तरुण जरा निराळ्या प्रकृतीचा होता. विष्णुपंत मोरेश्वर छत्रे. जन्म १८४० च्या सुमाराचा, कृष्णाकांठच्या अंकलखोप गांवचा. विष्णुपंतांना दोन वेडें होतीं, गाण्याचें आणि घोड्याचें. आणि ग्वाल्हेरास दोहोंची सोय होती. ते प्रत्यक्ष हद्दूखांपाशीं शिकले. त्या वेळचें शिकणें म्हणजे ठराविक तासाला जाणें नव्हे. शिष्यानें उस्तादाच्या घरीं पडेल तें काम करावें, हुक्का भरावा, आणि उस्तादाच्या लहरीनुसार जें कानीं पडेल तें सांठवावें. अशा घरांत गुरूचीं मुलें आणि शिष्य यांचें नातें सख्ख्या भावांपेक्षां फारसें दूरचें राहत नाहीं. गुरुपुत्राला गुरूसारखें मानावें ही रूढि. प्रत्यक्षांत त्या गुरुपुत्राला कडेवर घेऊन फिरविण्याचें कामहि पुष्कळदां शिष्याकडेच येई.

ग्वाल्हेरीहून परतल्यावर विष्णुपंतांनीं पोटासाठीं गाणें धरलें नाहीं, घोडा धरला. कुरुंदवाडच्या पटवर्धन संस्थानांत ते अश्वशिक्षक झाले. (सर्कशीच्या इंग्रजी इतिहासांत त्यांचा धनी म्हणून 'कुर्डुवाडीचा राजा' असा छापलेला आढळतो. कुर्डुवाडीस राजा कधींच नव्हता. तें आगगाडीचें जंक्शन. आमच्या लातूरकरांस तें पक्कें ठाऊक, कारण बार्शी लाइट रेल्वेची अरुंद रुळांची गाडी १९११ सालीं लातुरापर्यंत आली ती तेथूनच. दोनचार अक्षरें चुकलीं म्हणजे एक संस्थानिक निर्माण होतो, तो असा!)

पुढें कियारिनी नांवाच्या इटालियन गृहस्थाची सर्कस मुंबईस आली. असा खेळ उभारणें हिंदी लोकांस इतक्यांत साधणार नाहीं, असें तो बोलला आणि त्यावर पैज लागली, ही हकीकत सर्वतोमुखीं आहे. पैजेची रक्कम आणि मुदत ज्याच्यात्याच्या तोंडीं निराळी. परंतु १८८० च्या मार्चांत विष्णुपंतांच्या 'ग्रेट इंडियन सर्कस'चा पहिला खेळ मुंबईस झाला, आणि हिंदुस्थानांतली पहिली देशी सर्कस म्हणून तिची नोंद झाली. कियारिनीचें सामानसुमान त्यांनींच विकत घेतलें. मग तंबू हिंदुस्थानभर फिरला, सिंहलद्वीपास गेला, पूर्वेकडच्या बेटांत गेला. मलबारांत तेल्लिचेरीस खेळ झाला तेव्हां तेथील कीलेरी कुन्हीकण्णन नांवाच्या कसरतपटूची विष्णुपंतांशीं गांठ पडली, आणि केरळांतल्या सर्कशीच्या सबंध पंथाचा उगम त्या भेटींत आहे. म्हणजे हा मनुष्य आतां हंटरवाला, तंबूवाला, शेंकडों माणसांचा आणि जनावरांचा पोशिंदा झाला होता. हद्दूखांच्या घरीं तंबोरा जुळविणारा विष्णुपंत कोठें तरी मागें राहिला, असें पाहणारास वाटलें असेल.

आणि तिकडे ग्वाल्हेरास ते घर मोडलें. हद्दूखां १८७५ सालीं वारले. थोरले चिरंजीव महंमदखां, ज्यांच्याकडे बापाचा वारसा म्हणून सगळे पाहत, ते तरुणपणींच गेले. रहमतखां एकटे उरले. या आघातांनीं त्यांचें चित्त ठिकाणावर राहिलें नाहीं असें जाणती मंडळी सांगत आलीं आहेत. अफूचें व्यसन जडलें. ग्वाल्हेर सुटलें. जो गळा दरबारांत ऐकला जावयाचा तो रस्त्यांतून, धर्मशाळांतून, भिकाऱ्यांच्या पंगतींतून फिरूं लागला. आणि शेवटीं, हरवलेलीं माणसें जेथें जातात तेथें, म्हणजे काशीस, जाऊन पोंचला. गवयांच्या जगांत रहमतखां हा विषय संपला होता. हद्दूखांना एक धाकटा मुलगा होता, एवढेंच लोक बोलत.

विष्णुपंतांची सर्कस काशीस उतरली असतां ही भेट झाली, असें परंपरेनें सांगतात. चिंध्या पांघरलेला, दाढी वाढलेला, नशेंत बरळणारा एक फकीरासारखा मनुष्य. त्याच्या तोंडाकडे पाहून त्याला ओळखणें त्याच्या आईलाहि कठीण गेलें असतें. परंतु त्याच्या गळ्यांतून निघालेला स्वर विष्णुपंतांच्या कानीं गेला.

येथें गाण्याचा नाद नसलेल्या श्रोत्यांसाठीं एक गोष्ट सांगितली पाहिजे. ग्वाल्हेरची तान ही केवळ वेगानें घेतलेली स्वरांची माळ नव्हे. ती कोठून उठते, कोणत्या स्वरावर क्षणभर अंग टेकते, समेवर येतांना सरळ येते कीं वळसा घेऊन येते, यांत घरची शिस्त असते. घराण्याघराण्याचें नाक जसें निराळें, तसें हें. वीसपंचवीस वर्षें घोड्यांच्या टापा आणि बँडचा गोंगाट ऐकलेल्या कानाला ही घडण आठवली, यावरून तो कान ग्वाल्हेरास कसा घडला असेल याची कल्पना करावी. चेहरा पुसला गेला होता, वाणी भ्रष्ट झाली होती. तान तशीच होती. गुरूच्या घरचें एवढेंच उरलें होतें, आणि तेवढ्यावर ओळख पटली.

अशा प्रसंगीं बहुतेक भलीं माणसें काय करतात तें आपणांस ठाऊक आहे. डोळ्यांत पाणी येतें, हातांत दोन रुपये ठेवतात, एखादें वस्त्र देतात, आणि गांवीं परतल्यावर चारचौघांत ती हकीकत हळहळून सांगतात. विष्णुपंतांनीं खांसाहेबांना तळावर आणलें आणि पुढें आपल्याचजवळ ठेवलें. काशीच्या त्या दिवसापासून रहमतखां सर्कशीबरोबर हिंडूं लागले.

इतकें सांगून झालें तेव्हां भाच्यानें मला थांबविलें. "मामा," तो म्हणाला, "ही तर आमच्या डेथची गोष्ट!"

मला अर्थ लागेना. मग त्यानें समजावून सांगितलें. विलायतेंत आणि अमेरिकेंत १९७५–७७ च्या सुमारास पंक नांवाचा एक गायनपंथ निघाला. आडदांड, वेगवान, रागावलेल्या पोरांचा. त्याच्याहि आधीं डेट्रॉइट शहरांत हॅकनी आडनांवाच्या तीन सख्ख्या निग्रो भावांनीं तशाच तऱ्हेचीं गाणीं बसविलीं आणि आपल्या मंडळीला नांव दिलें डेथ, म्हणजे मृत्यु. १९७५ सालीं त्यांचें ध्वनिमुद्रण चाललें होतें. तें नांव बदला म्हणजे आम्ही पैसे घालतों, असें एका बड्या कंपनीच्या मुखत्यारानें म्हटलें. थोरला भाऊ डेव्हिड, ज्याच्या कल्पनेंतून हें सर्व निघालें, तो नांव बदलावयास तयार झाला नाहीं. कंपनी दूर झाली. भावांनीं स्वखर्चानें एक लहान तबकडी काढली, अवघ्या ५०० प्रतींची, आणि प्रकरण संपलें. डेव्हिड २००० सालीं वारला. कांहीं वर्षांनीं मधल्या पिढीचें कांहींच माहीत नसलेला एक तरुण एका मेळाव्यांत गेला असतां तेथें कोणी एक जुनी दुर्मिळ तबकडी लावली, आणि त्याला वाटलें, हा आवाज तर माझ्या वडिलांचा! तो खरोखरच त्याच्या वडिलांचा होता. डेव्हिडच्या भावाचा तो मुलगा. बापानें घरीं कधीं अवाक्षर काढलें नव्हतें. २००९ सालीं तीं गाणीं अखेर प्रसिद्ध झालीं, मूळ नांवानेंच.

मीं तें मनापासून ऐकलें. गुण निराळे, देश निराळा, आणि ती गाणीं त्यानें मागाहून मला ऐकविलीं त्यांचा माझ्या कानांस त्रास झाला हेंहि कबूल करतों. पण मुलानें बापाचा आवाज परक्याच्या घरीं ओळखावा, ही गोष्ट मला माझ्या गोष्टीच्या शेजारीं ठेवावीशी वाटली. अमेरिकेंतलीच आणखी एक हकीकत मला ठाऊक होती, ती मीं त्याला सांगितली. मिसिसिपी प्रांतांतल्या जॉन हर्ट नांवाच्या शेतकऱ्यानें १९२८ सालीं कांहीं तबकड्या भरल्या, त्यांतल्या एका गाण्यांत आपल्या ॲव्हलॉन या खेड्याचें नांव घातलें, आणि तो पुन्हां शेताला लागला. पस्तीस वर्षांनीं, १९६३ सालीं, एक शौकीन तें गाणें ऐकून, नकाशांत खेडें शोधून, त्याच्या दाराशीं जाऊन उभा राहिला. हर्ट जिवंत होता. पुढचीं तीन वर्षें तो मोठमोठ्या सभांतून गायला.

या दोन्ही ठिकाणीं तबकडी आधीं होती आणि तिनें माणूस हुडकून दिला. आमच्या गोष्टींत क्रम उलटा आहे. रहमतखां हरवले तेव्हां हिंदुस्थानांत तबकडी भरणारें यंत्र आलेंहि नव्हतें. तें यावयास १९०२ साल उजाडलें. त्यांचा स्वर जर कोठें नोंदलेला असेल तर एकदोघांच्या कानांत. विष्णुपंत त्या रस्त्यानें गेले नसते, तर शोधावयास मागें कांहींच राहिलें नसतें.

आतां एक बोंचणारा प्रश्न, आणि तो टाळून मला पुढें जाववत नाहीं. विष्णुपंत सर्कसवाले होते. लोकांस नवल दाखवून पैसा मिळविणें हा त्यांचा धंदा. रहमतखांचें गाणें सर्कशीच्या मुक्कामांत ठेवीत, आणि तंबूंतहि त्यांस गाण्यास बसवीत असें सांगतात. एका बाजूस वाघाचा पिंजरा, दुसऱ्या बाजूस झुल्यावरचीं माणसें, आणि मध्यें हद्दूखांचा वेडा मुलगा. तिकीट काढून आलेला प्रेक्षक. हें गुरुऋण फेडणें झालें कीं आणखी एक प्राणी बाळगणें? मीं लहानपणीं नांदेडास सर्कस पाहिली आहे. रिंगणांतल्या म्हाताऱ्या हत्तीच्या डोळ्यांकडे पाहिल्यावर जें वाटलें, तें या विचारासरशीं मला पुन्हां आठवतें.

ज्यांनीं रहमतखांस पाहिलें त्यांच्या आठवणींवरून असें दिसतें कीं गाण्याबाहेर त्यांना व्यवहाराचें भान फारसें नसे. स्वतःशीं पुटपुटत बसत. कोणी मोठा मनुष्य आला आहे, कोणी लहान, याची दाद नसे. त्यांना गाण्यास बसविणें हें विष्णुपंतांनाच साधे. आणि एकदां गाऊं लागले कीं राग कोठें भंगत नसे, ताल कोठें सुटत नसे. मनाचीं इतर सगळीं दारें बंद झालीं आणि एकच खिडकी उघडी राहिली, असा हा विलक्षण प्रकार. अशा माणसाला गाऊं दिलें नसतें, केवळ स्वच्छ कपडे घालून एका खोलींत जेवूं घातलें असतें, तर तें अधिक दयेचें झालें असतें काय? मला तसें वाटत नाहीं. पण ही माझी समजूत. खांसाहेबांस काय वाटतें हें कोणी त्यांना विचारल्याचें दिसत नाहीं.

विष्णुपंतांच्या बाजूनें मात्र एक गोष्ट निर्विवाद आहे, आणि तीच मला निर्णायक वाटते. त्यांनीं रहमतखांना तंबूपुरतें ठेवलें नाहीं. त्या काळच्या जाणत्यांपुढें, संस्थानिकांपुढें, गवयांपुढें त्यांच्या बैठकी करविल्या. नेपाळच्या दरबारांतल्या एका मोठ्या जलशास ते त्यांना घेऊन गेले, तेथें हिंदुस्थानांतले नामांकित कलावंत जमले होते, आणि रहमतखांच्या गाण्यानें सर्वांवर मोहिनी घातली, ही हकीकत पुष्कळांनीं सांगितली आहे. 'भूगंधर्व' हें नांव त्यांना मिळालें तें या दिवसांत. वाघ पाळणारा मनुष्य वाघाला दुसऱ्या वाघांच्या सभेंत मानानें नेऊन बसवीत नाहीं.

विष्णुपंत १९०५ सालीं वारले. धंद्याचा हिशेब पाहिला तर खांसाहेबांस सांभाळण्याचें कारण त्या दिवशीं संपलें. गुरूचें घर विष्णुपंतांचें होतें. मागें राहिलेल्यांचें नव्हे. तरीहि त्यांचे बंधु काशिनाथपंत यांनीं रहमतखांचा सांभाळ पुढें चालविला, आणि खांसाहेबांचे शेवटचे दिवस कुरुंदवाडास गेले. तेथेंच १९२२ सालीं त्यांचा अंत झाला. १९०५ पासून १९२२ पर्यंत सतरा वर्षें. वेड्या, व्यसनी, परधर्मी, वृद्ध माणसाला, ज्याच्यापासून आतां विशेष मिळकत नाहीं अशाला, सतरा वर्षें घरचा म्हणून वागविणें हें ज्यांनीं घरांत एखादें असें माणूस सांभाळलें आहे त्यांना कळेल. बाकीच्यांना किती सांगितलें तरी तें आंकड्यांतच राहील.

तबकड्या भरल्या गेल्या त्या याच काळांत, १९२० च्या सुमारास, म्हणजे आयुष्य सरत आलें असतां. त्या वेळीं विजेचा मायक्रोफोन नव्हता. तो १९२५ नंतरचा. गाणारानें मोठ्या कर्ण्याच्या तोंडाशीं बसावें, आवाजाच्या जोरानें पडदा हलावा, पडद्यानें सुई हलावी, आणि सुईनें मेणावर रेघ ओढावी, असा प्रकार. तंबोरा जवळजवळ ऐकूंच येत नसे. मान वळली तर आवाज गेला. तासभर रंगणारा ख्याल तीन मिनिटांत कोंबावयाचा. शहाण्यासुरत्या गवयांचीहि या यंत्रापुढें गाळण उडे. मग ज्याला समोर कोण बसलें आहे याचें भान नाहीं, अशा वृद्धाला त्या कर्ण्यापुढें कसें बसविलें असेल? मात्र ज्याला कोणत्याच सभेचें भान नव्हतें त्याला यंत्राचेंहि भय नसावें. त्या तबकड्यांत घाबरलेपणा मुळींच नाहीं. मालकंस, यमन, भूप, वसंत आणि भैरवींतली एक ठुमरी. स्वर असा लागतो कीं जणूं खोलींत दुसरें कोणी नाहीं.

हद्दूखांचें गाणें आपण ऐकूं शकत नाहीं. हस्सूखांचें नाहीं. वासुदेवबुवांचें नाहीं. त्या घरचा प्रत्यक्ष पुत्र मात्र ऐकावयास मिळतो, आणि तो मिळतो एका सर्कशीच्या मालकामुळें, हें आपल्या संगीताच्या इतिहासकारांनीं थोडें अधिक ठळक अक्षरांत लिहावयास हवें होतें. घराण्यांच्या वंशावळींत विष्णुपंतांचें नांव सहसा एका ओळींत उरकतात. ते थोर गवई नव्हते, हें खरें. पण एका घराण्याचा दुवा तुटतां तुटतां ज्यानें हातीं धरून ठेवला, त्याला एक ओळ पुरत नाहीं.

या आवाजाची पुढची वाट तर अधिक आश्चर्याची. कुरुंदवाडाहून मिरज जवळ. मिरजेस किराण्याचे अब्दुल करीमखां (१८७२–१९३७) येऊन राहिले होते. रहमतखांच्या गाण्याची त्यांच्यावर अशी छाप पडली कीं पुढें त्यांच्या आवाजाच्या लावण्याची तऱ्हाच बदलली, असें जाणकार म्हणतात; दोघांची भैरवी एकापाठोपाठ ऐकली तर हें कोणासहि पटेल. अब्दुल करीमखांचे शिष्य सवाई गंधर्व, आणि सवाई गंधर्वांचे शिष्य भीमसेन जोशी. भीमसेनांचा जन्म १९२२ चा. ज्या सालीं रहमतखां गेले तेंच साल. मीं भाच्याला म्हटलें, "तुझी आजी कार्तिकी एकादशीला पहांटे भीमसेनांचे अभंग लावते ना? त्या आवाजांत काशीच्या रस्त्यावरचा थोडासा भाग आहे." त्यानें मान हलविली, पटलें कीं नाहीं तें सांगितलें नाहीं.

लातूरच्या त्या आडत्याच्या घरीं ही तबकडी कशी आली, याचा मीं पुष्कळ विचार केला. आमचा मराठवाडा तेव्हां निजामाच्या राज्यांत. ग्वाल्हेर, मिरज, पुणें येथें जें गाणें चाले त्याच्याशीं सामान्य लातूरकराचा संबंध येण्याचें कारण नव्हतें. पण अरुंद रुळांची ती गाडी लातूरची डाळ, तेलबिया आणि कापूस बाहेर नेई, आणि परत येतांना कापड, घड्याळें, औषधें, कंदील आणीत असे. तशाच एखाद्या फेरींत, मुंबईहून कुर्डुवाडीमार्गें, पेंढ्यांत बांधून ही काळी तबकडी आली असावी. घेणारानें नांव ऐकून घेतली, कीं दुकानदारानें दहापांच तबकड्यांच्या गठ्ठ्यांत सरकविली, हें सांगणारें घरांत आतां कोणी उरलें नाहीं. परंतु ती वाजविली गेली होती एवढें खरें. तिच्या रेघा झिजलेल्या आहेत. आजोबा उन्हाळ्याच्या रात्रीं माळवदावर बसून ती लावीत असतील, आणि खालीं गल्लींतून जाणारा एखादा हमाल पाठीवरचें पोतें सांवरीत घटकाभर थांबत असेल.

आज तेथें रुंद रूळ आहेत आणि जुन्या गाडीची शिटी ऐकलेलीं माणसेंहि थोडीं राहिलीं. वाडा या पावसाळ्यापूर्वीं उतरला. यजमानांना मीं नंतर फोन करून ही सारी कथा सांगितली. ते म्हणाले, "मग ती आपल्याकडेच असूं द्या. आमच्याकडे फुटली असती."

तबकडीची एक बाजू आम्ही त्या दिवशीं ऐकली. दुसऱ्या बाजूस कडेपासून मध्यापर्यंत एक बारीक तडा गेलेला आहे. सुई टेकविली तर ती तुटेल अशी भीति वाटते. भाचा म्हणतो, आतां अशीं यंत्रें आहेत कीं सुई न लावतां, नुसत्या प्रकाशानें रेघ वाचतां येते. तो चौकशी करीत आहे. तोंवर ती बहिणीच्या कपाटांत, त्याच टॉवेलांत, उभी करून ठेवली आहे.